आमच्या तांदळाचा गुण

खरं तर हे कोणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण तुम्हाला सांगते. बाबांचा जुना फोन फार अडकायचा आणि ते नवा घ्यायला निघाले होते. जुन्या फोनमध्ये मोफत मिळणारी खुली सिस्टीम टाकली की तो पुन्हा वेगाने चालतो, हे मी वाचलं होतं. मी कोणाला न विचारता टाकायला गेले आणि फोन काळाठिक्कर पडला.

"पाणी गेलं असन," म्हणत आईने तो तांदळाच्या पिंपात पुरला. आमच्या करडी गावात बिघडलेल्या प्रत्येक फोनला हाच इलाज.

बाबा म्हणाले, "उद्यापर्यंत सुरू नाही झाला तं नवाच घेतो."

दुपारी आई शेतावर गेल्यावर मी फोन उकरून काढला आणि दादाच्या लॅपटॉपला जोडला. तिसऱ्या खेपेला नवी सिस्टीम नीट बसली आणि तो सुरू झाला. मी तो पुन्हा तांदळात पुरला.

संध्याकाळी बाबा ओरडले, "पाह्य व, याचं तं रूपच बदललं! नव्यावानी चालून राहिला!"

"आपल्या तांदळाचा गुण हाय तो," आई म्हणाली.

तेव्हापासून शेजारपाजारचे सगळे आमच्याकडे फोन आणतात. मी आजवर गप्प राहिले, पण आज आईला सर्वांसमोर सांगणारच आहे की तो फोन तांदळाने नाही, मी...

"सुजाता! ये व इकडे, पिंपाचं झाकण उघड! सरपंचबाई फोन घेऊन आल्या!"