दुपारची फॅमिली रूम

हसा तुम्ही, पण माझं शिक्षण बारमध्ये झालं. चंद्रपुरात आमची खोली टिनाची. मे महिन्यात पुस्तक उघडलं का पानावर घामच टपके. कॉलेजामागच्या गल्लीतल्या बारचे मालक रमेशभाऊ एकदा म्हणाले, "दुपारी आमची फॅमिली रूम रिकामीच राह्यते. एसी आहे. येऊन वाचत बसत जा." त्या माणसाचे उपकार मी विसरत नाई. आम्ही खोलीतले चौघं दोस्त तिथंच भरतीचा अभ्यास करू लागलो.

मूल तालुक्यातल्या आमच्या गावी कोणीतरी बाबाले सांगितलं, पोरगा रोज बारमध्ये जाते. बाबा पहिल्याच एसटीनं आले. दारात उभे, एक चप्पल हातात.

"काय पिऊन राह्यला हा?" त्यांनी वेटरले विचारलं.

"पाणी," वेटर म्हणाला. "अन् हळू बोला काका, पोरं वाचून राह्यले."

बाबानं टेबलावरची पुस्तकं पाह्यली. मंग हातातली चप्पल दाराबाहेर ठेवली, तिच्या बाजूले दुसरी काढली अन् अनवाणी आत आले.

"काका, बार आहे. चप्पल चालते इथी," रमेशभाऊ म्हणाले.

"असू द्या भाऊ," बाबा म्हणाले. "शाळेत मी कधी चपला घालून गेलोच नाई."