चौथ्या दिवसाचे थेंब

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या. औषध आपल्याला धरतं, की आपणच औषधाला धरून बसतो? थांबा, लगेच माना डोलवू नका! आधी दत्तारामाची गोष्ट ऐका.

खाडीपलीकडच्या गावातला हा दत्ताराम घडशी, देवळातला सनईवाला. शिमग्याला पालखी निघाली, की सहाणेवर — म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर — टेकेपर्यंत सनईचा सूर तुटायचा नाही, आणि सूर चालू तोवर पालखी थांबायची नाही, असा तिथला रिवाज. चार पिढ्यांचा मान! आता सूर न तुटता वाजतो कसा? गालात वारा साठवायचा, आणि तो फुंकता फुंकता नाकानं नवा श्वास ओढायचा. करून बघा घरी! फक्त बायकोसमोर नको. सगळा खेळ नाकाचा, बरं का!

आणि पौषात त्याचं नाकच चोंदलं! डॉक्टर खोतबाईंनी थेंब दिले. "सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. चौथ्या दिवशी बंद!" थेंब पडले मात्र — अहाहा! नाक मोकळं! चौथा दिवस उजाडला. दत्ताराम म्हणतो, "गुण येतोय तर बंद कशाला करायचं?" मग सनई धरण्याआधी दोन थेंब. मग जेवणाआधी. मग आंघोळीआधी! बाटली कायमची कनवटीला. आणि थेंबांचा जोर ओसरला, की नाक पहिल्यापेक्षा घट्ट!

शिमगा आठ दिवसांवर आला, आणि तालमीत सूर तीनदा तुटला. दत्ताराम धावतच दवाखान्यात. "बाई, ह्याच्याहून जालीम काहीतरी द्या!"

"किती दिवस घालताय?"

"झाले असतील... आठ दिवस."

"आठ?" बायको शेवंती मागून कडाडली. "पौषापासून घालतायत हे!"

खोतबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, सर्दी केव्हाच गेली! आता नाक बंद करतायत ते हे थेंबच. ते आतली सूज दाबतात, पण रोज रोज घातले की सूज जास्तच वर येते. एका नाकपुडीचे आजपासून बंद, दुसरीचे चार दिवसांनी. मिठाच्या पाण्याचा फवारा मारा, आणि हे दुसरं औषध घ्या. थोडे दिवस त्रास होईल, मग नाक उघडेल."

"शिमगा झाल्यावर सोडतो की!"

"आणि पालखीच्या निम्म्या वाटेत जोर ओसरला तर?"

दत्तारामाला पटलं! तोंडानं श्वास घेत, चडफडत त्यानं आठ दिवस काढले. भीती एकच — सूर तुटला तर बापाचं नाव जाईल. रडकुंडीला आला हो बिचारा!

शिमग्याचा दिवस. एक नाकपुडी मोकळी, दुसरी अर्धी. हात कनवटीला गेला... आणि बाटली न काढताच परतला! सनई लावली. सूर चढला, पालखी हलली. पण चढणीवर श्वास पुरेना. पुरेना... आणि तुटला!

पालखी जागच्या जागी थांबली. सगळं गाव दत्तारामाकडे वळून बघायला लागलं. दत्तारामाला वाटलं, जमीन दुभंगावी. तेवढ्यात पालखीला पुढून खांदा दिलेला धोंडूतात्या म्हणतो कसा, "बरं केलंस रे दत्ता! सूर तुटत नव्हता म्हणून जन्मात कधी मधे खांदा बदलता आला नाही आम्हाला!"

अहो, काय हशा पिकला! भोयांनी खांदे बदलले, दत्तारामानं पोटभर श्वास घेतला, आणि सनई जी लागली ती थेट सहाणेपर्यंत. आता दरवर्षी त्या चढणीवर सनई मुद्दाम थांबते. दत्तारामाचं नाक? पुढच्या पंधरवड्यात पुरतं उघडलं.

हसलात ना? आता माझं ऐका. तीन दिवस सांगितले तर तीनच! तरी नाक उघडलं नाही, तर पावलं डॉक्टरांकडे वळवा, दुसऱ्या बाटलीकडे नको. आणि खांबाआड बसलेले आबा — मघाशी मान मागं टाकलीत, ती देवळाचं छत बघायला नव्हे! देवासमोर बसलायत, खरं सांगा... आज कितवा दिवस?