सुयांचे खडे झाले

—नाही, मी सही करणार नाही, साहेब. माझ्या सुनेनं टाकी घाईनं थंड केली म्हणून औषध बिघडलं, असं लिहून आणलंय तुम्ही, आणि खाली सही हवी सासूची! सासूच उलटली की तिला कामावरून काढायला मोकळे, हो ना? शी! किळस येते मला.

बिघडलं म्हणजे काय झालं, ते तरी कळलंय का? पदार्थ तोच — भेसळ नाही, घाण नाही. पण पूर्वी त्या टाकीत औषध थंड होताना त्याच्या सुया धरायच्या, रेशमासारख्या बारीक. आता खडे धरतात. सुई पोटात विरघळते, खडा जसाच्या तसा बाहेर पडतो — आणि आजारी माणूस बिचारा गोळी गिळून गुण यायची वाट बघतो. चौथीत शाळा सुटली माझी, पण बत्तीस वर्षं भिंगाखाली हेच बघितलंय मी — तुम्ही पुस्तकात बघितलं असेल. काल तुमच्या मोठ्या साहेबांनी टाकी थंड केली ना, घड्याळ लावून, सावकाश? काय आलं? खडेच! मग सुनेची घाई कुठं राहिली? मीसुद्धा मूर्ख, दोन दिवस तिला टाकून बोलले. अहो, विरजणासारखं असतं ते — खड्याचा एक कण पडला की अख्खी टाकी खड्यांची. कुणी काही करा, मग सुया नाहीत. कण आला कुठून, ते शोधा! नव्या खोलीत तुमचे प्रयोग चालतात, तिथं खडेच पडतात. तिथला पुसायचा बोळासुद्धा जुन्या टाकीकडं न्यायचा नाही — हा नियम माझा, पोरींच्या डोक्यात ओरडून ओरडून भरलाय मी. आणि तुमचे ते प्लॅस्टिकचे ब्रश — थू! कोपऱ्यातलं काही निघत नाही. म्हणून तर निवृत्त झाले तरी शिकवायला बोलावता मला. माझा जनावराच्या केसांचा ब्रश मी घरून नेते, टाकी बिघडायच्या आधीच्या सोमवारी नव्या खोलीतली चाळणी अशी लख्ख केली त्यानं, म्हटलं बघा गं, शिका — आणि तोच ब्रश घेऊन तशीच जाऊन जुन्या टाकीचं झाकण —

झटकला होता मी. पदरालाही पुसला होता.

असे बघू नका माझ्याकडे. तो कागद इकडं द्या... हं. झाले तुकडे. दुसरा आणा, त्यावर माझं नाव घाला, आत्ता म्हणाल तिथं सही करते. मला कामावरून काढा — निवृत्त बाईला काय काढणार, कपाळ! पण तिला हात लावायचा नाही.

उठा आता. ती पाळी संपवून येईल एवढ्यात, आणि तिच्याशी मला एकटीला बोलायचंय. दार ओढून घ्या.