निमेशकडे दिलेली चावी

पालघर स्टँडवर माहीम गावाची एसटी काही येईना. रांगेत हेमांगीच्या पुढे मासे विकून निघालेल्या नणंद-भावजय उभ्या होत्या. त्यांच्या बोलण्याकडे तिचे कान लागले होते.

“जमनावयनी, घराची चावी त्या चोराला दिलीस?”

“निमेश नाव हाय त्याचं.”

“तुझेच बोंबील चोरताना सापडला ना?”

“सापडला. पिशवीत ओलेच भरत होता. मी बोलले, हे सडतील रे, वरचे सुके ने.”

“आनि नेऊ दिलेस?”

“दिले. दुसऱ्या दिवशी आपनच आला आनि वाळवणावरची कुत्री हाकलत बसला. तवापासून रोज येतो.”

“म्हनून कपाटाची पन चावी द्यायची?”

“एकाच दोरीला हाय ती. त्याच्या तोंडासमोर सोडवून घेऊ?”

“मंग सारखा फोन कशाला लावतेस?”

“उचलत नाय गं तो.”

“बघ! मी काय बोलत होते?”

हेमांगीचाही जीव टांगणीला लागला. तेवढ्यात फोन वाजला. जमनाने घाईघाईत स्पीकर लावला.

“काकी, माझे जुने दोस्त आलेले. कपाटात काय हाय, इचारत होते. मी चावी शेजारी बायडीकाकीकडं देऊन टाकली.”

“गेले ते?”

“गेले. पन काकी, मला माझाच भरवसा वाटत नाय.”

नणंदेने सुटकेचा निःश्वास टाकला. जमनाने मात्र फोन तोंडाजवळ धरला.

“निमेश, जा, चावी परत घे. मी तुझ्याकडं दिलेली हाय.”

फोन ठेवून ती हेमांगीकडे वळली.

“पोरी, गाडी कवा येईल गं?”