ऑनर म्हंजे मालक, होय का जी?

नाही, पण तुमीच सांगा जी, भंडाऱ्याच्या कॉलेजात बीएस्सीले नाव लागलं, बसची पास निघाली, मायनं डब्याले नवीन पिशवी शिवली, म्हंजे पोरगी सकाळी जाईन अन् दिवस बुडायच्या आत कोंढ्याले परत येईन, सगळं कसं सरळ... अन् अशात मोबाइल टुंग वाजते, का अभिनंदन, तुमची निवड झाली! कुठं? तं नागपूरच्या पल्याड कुठल्यातरी विद्यापीठात! तिथं म्हणे एक येगळं कॉलेज हाये, हजारो पोट्ट्यायमधून मूठभर निवडतात, तिथंच ठेवतात, तिथंच खाऊ घालतात, फी माफ. अन् नाव काय, तं ऑनर्स!

कोणाची गोठ सांगून राहिलो मी? अवो, आपल्या भैय्यालालची! कोंढ्याले मेन रोडवर हार्डवेअरचं दुकान नाही का, दोर, पाइप, कुलपं, पेंटचे डबे, तोच. रेणू त्याची पोरगी. बारावीच्या मॅडमनं तिले तो ऑनलाइन फारम भरायले लावला होता, पोरगी भरून विसरूनबी गेली होती. आता भैय्यालाल कसा माणूस? तुमाले सांगतो, या माणसाच्या तोंडून जन्मात 'माहीत नाही' निघालं नाही. गिऱ्हाइकानं काहीबी इचारलं का याचं उत्तर तयार! मागं एक गाडीवाला थांबला, इचारते, "भाऊ, रावणवाडीचा रस्ता कोणता?" यानं बेधडक हात केला. तो बिचारा उलट्या टोकाले, पवनीले पोचला, बायको-लेकरं घेऊन! पण 'माहीत नाही'? नाव नोका काढू. दुकानदारानं माहीत नाही म्हणलं का पत गेली, असं त्याचं म्हणणं.

अन् अशा माणसाची पोरगी त्याले काय सांगते? पाह्यजा.

"बीएस्सी हाये का बीए?" भैय्यालालनं इचारलं.

"दोन्ही शिकवतात, बाबा."

"मंग विषय कोणता?"

"पहिल्या वर्षी विषय ठरवाचा नाही म्हणतात. पहिले सगळं पाहाचं."

"पाहाचं? मंडई हाये का ते? बरं, नोकरी कोणती लागते?"

"तेबी मंग समजते."

"मंग आत्ता ठरलं काय?"

"होस्टेलात राहाचं... एवढं ठरलं."

घ्या! अन् तेबी तीन नाही, चार वर्षं! लोकाची पोट्टी तीन वर्षांत डिग्री घेऊन मोकळी, अन् हे निवडून-निवडून नेलेले हुशार, यायले एक वर्ष जास्त लागते! अन् नाव काय, तं ऑनर्स!

मंग आला चंद्रकुमार. चंद्रकुमार म्हंजे भैय्यालालचा साळा, जवाहरनगरले फॅक्टरीत हाये, म्हंजे सरकारी माणूस, म्हंजे सगळं समजते. पाय पसरून बसला, चहाचा घोट घेतला अन् म्हणते कसा, "देखो जिजाजी, ऑनर म्हंजे मालक. बस मालक, घर मालक, तसं. शिकून पोरगी मालक होईन."

"कायची मालक?"

"वो तो कॉलेजवाले बतायेंगे ना!"

जनाबाई, म्हंजे रेणूची माय, चुलीपासून ओरडली, "मालक नोको अन् फालक नोको! पोरगी रात्री घरी पाह्यजे!" झालं! निकाल लागला. पण कॉलेजवाले लय चिवट हो, म्हणतात, मायबापानं पोरीले घेऊन एक दिवस या, वर्गात बसा, फिरा, मंग हो म्हणा का नाही म्हणा. भैय्यालाल म्हणे, ठीक हाये, दुकानदार माणूस हो आपण, तोंडावर जाऊन इज्जतीनं नाही म्हणू. चंद्रकुमारनं त्याले एक वाक्य पाठ करून देल्लं: 'सर, हमारी लडकी का भंडारा में हो गया है.' बस. एवढंच म्हणाचं अन् उलट्या पायी यायचं. बसमंदी बसल्यापासून भैय्यालाल तेच घोकून राहिला, सर हमारी लडकी का, सर हमारी लडकी का... बाजूची बाई घाबरून खिडकीकडं सरकली, तिले वाटलं याची पोरगी पळाली!

अन् रेणू? तिले जायचं होतं का नव्हतं? आता पोट्टी सांगन तवा ना! सारखी नवीन ओढणीचं टोक बोटाले गुंडाळे अन् सोडे.

पोचले बाप्पा. अन् तुमाले सांगतो, तिथून भैय्यालालची बोलती जे बंद झाली! पहिले लायब्ररी. खाली पुस्तकं, वर पुस्तकं, त्याच्या वर पुस्तकं, मान मोडून पाहा, तरी पुस्तकंच. इथं आपल्या दुकानात गिऱ्हाइकानं कुलूप हातात घेतलं तं आपण डोळा ठेवतो, अन् तिथं पोट्टे पुस्तकं काढून राहिले, वापस ठेवून राहिले, कोणी हटकतच नाही! एक पोट्टा तं पुस्तकावर डोकं ठेवून घोरून राहिला होता. भैय्यालाल हळूच म्हणे, "याले उठवत काहून नाही?" तिथला माणूस म्हणे, "थकला असेल वाचून." आता बोला! वाचून थकते माणूस! भैय्यालालनं त्या झोपल्या पोट्ट्याले पाह्यलं नं जी, देवळातल्या मूर्तीले पाह्यते तसं.

मंग वर्ग. वर्गात बेंचच नाही! गोल करून खुर्च्या. मास्तर कुठं बसते? तं पोट्ट्यायच्या मधात! पांढऱ्या केसाच्या एक बाई होत्या, पायात बूट, मांडीवर काहीच नाही, ना पुस्तक, ना हजेरी. मायबाप मागं भिंतीले लागून. बाई म्हणतात, "आज मी शिकवणार नाही. तुम्ही विचारा. ज्याचं उत्तर तुम्हाला कोणी दिलं नाही, असं काहीतरी." अन् नाव काय, तं ऑनर्स! शिकवत नाहीत अन् नाव मोठं!

एका पोट्ट्यानं इंग्रजीत फाडफाड इचारलं. दुसरीनं त्याच्यावर फाडफाड. भैय्यालालनं वाक्य पुन्हा घोकलं, सर हमारी लडकी का... अन् तेवढ्यात कोण बोललं? रेणू! हो जी! घरी पाहुणे आले का सैपाकघरात लपणारी रेणू!

"मले एक इचाराचं हाये," ती म्हणे. "कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्या खोप्यात घालते. पिल्लू निघते तं कानावर नुसती काव काव. माय तं त्यानं पाह्यलीच नसते. मंग मोठं झाल्यावर ते कुहू कुठून शिकते?"

'मले' म्हणलं, तं कोपऱ्यातली एक पोट्टी खुदकन हासली. भैय्यालालच्या छातीत हातोडी बसली. पण बाई? बाई खुर्चीतून पुढं सरकल्या, डोळे हे एवढे! म्हणतात, "ते शिकत नाही. ते गाणं घेऊनच येतं, एवढं कळलंय लोकांना. पण इतक्याशा अंड्यात, त्या बलकात, सूर नेमका ठेवलेला कुठे असतो?" अन् थांबल्या. सगळा वर्ग त्यायच्या तोंडाकडं. अन् बाई हासून म्हणतात,

"मला माहीत नाही."

भैय्यालालच्या कानात जशी घंटा वाजली! मास्तरीण! मोठ्या कॉलेजची! सगळ्यायसमोर! माहीत नाही! अन् जमीन फाटली नाही, पत गेली नाही, उलट सगळे पोट्टे खुर्च्या ओढत जवळ आले, अन् जो तो बोलून राहिला, कोणी म्हणे चिमणीचं तसं नसते, कोणी म्हणे अंड्याजवळ गाणं वाजवून पाहू... आपल्या शाळेत 'माहीत नाही' म्हणलं तं गुरुजी हाताची बोटं जुळवायले लावून छडी मारत. अन् इथं त्या दोन शब्दायवर जशी पंगत बसली! भैय्यालाल भिंतीले टेकून पाह्यतच राह्यला. अंड्यात गाणं! अवो, चाळीस-पन्नास वर्षं कोकिळा ऐकून राहिला माणूस, अन् डोक्यात आलंच नाही!

बाहेर टेबलामागं एक सर बसले होते. "काय ठरलं तुमचं?" भैय्यालालनं तोंड उघडलं. सर, हमारी... हमारी... गेलं! वाक्यच उडालं! "पाणी कुठं हाये जी?" एवढंच निघालं.

अन् आता गंमत ऐका. झाडाखाली येऊन पोरगी म्हणते, "चला बाबा. मी इथं नाही येत. मी 'मले' म्हणलं तं हासले. इथले पोट्टे कसे बोलतात पाह्यलं ना?"

घ्या! बाप नाही म्हणायले आला तं बाप भुलला, अन् जिच्यासाठी आला ते पोरगीच मागं सरली! अन् हा भैय्यालाल कोण? दोर घ्यायले आलेल्याले पेंट विकणारा! त्याले स्वतःच्या पोरीले हे कॉलेज काही विकता आलं नाही. भंडाऱ्याले आले, कोंढ्यावरून जाणाऱ्या पवनीच्या बसमंदी बसले.

बस शहराबाहेर लागली, अन् भैय्यालाल एकदम म्हणते, "रेणू, पण कावळीले समजत नसन काय, का हे आपलं नाही?"

"समजत असतं तं चारलं असतं काय, बाबा?"

समोरच्या सीटवरचे आपल्या गावचे चिंधूबुवा वळले. "समजते बाई. पण चारता-चारता माया लागते, मंग कोण टाकते?"

मागून एक आजी म्हणे, "माहा नातू पुण्याले वाढला, माय तिथली, सैपाक गोड. पण पोट्टं इथं आलं का ठेचा मागते! कोणी शिकवलं त्याले?"

कंडक्टर तिकिटाची मशीन काखेत धरून उभाच राह्यला. "मंग आजी, ठेचाबी अंड्यातूनच येते म्हणता?"

सगळी बस हासली, अन् रेणू सीटवर उलटी बसली, गुडघे टेकून, अन् सांगून राहिली, "नाही आजी, मले वाटते दोन गोष्टी असतात, एक घेऊन येतो ते, अन् एक ऐकून शिकतो ते. आता यातलं कोणतं कायचं, हे कसं ओळखाचं?" लोक डोकं खाजवून राहिले! अड्याळचा एक माणूस अड्याळले उतरलाच नाही जी, पुढं गेल्यावर बोंबलला!

भैय्यालाल पोरीकडं पाहून राहिला. ही आपली? आपल्याच घरी वाढली हे?

ती खाली बसली अन् हळूच म्हणे, "इथं सगळेच 'मले' म्हणतात, बाबा. तिथं मी एकटीच राहीन."

भैय्यालाल तिच्याकडं वळला. मंग म्हणे, "हासली एक. पण बाईनं जवाब कोणाच्या सवालाचा देल्ला? त्यायले तुह्या 'मले'तलं सगळं समजलं ना?"

रेणूनं ओढणीचं टोक बोटाले गुंडाळलं अन् सोडलं. कोंढा आला. उतरले. दुकानाच्या कुलपात चाबी घालता-घालता मागून आवाज आला, "बाबा, मी जातो तिकडं. पण तुमी रडाचं नाही."

रडला. शटर वर करून आत जाऊन पाइपायच्या मागं रडला, आणखी काय! जनाबाईनं दोन दिवस तोंड फुगवलं, मंग स्वतःच चिवड्याचा डबा भरला. गेली पोरगी. अन् नाव काय, तं ऑनर्स!

तुमाले वाटन, संपली गोठ. अवो, कायची संपते! काल आपला निकेश सुतार दुकानात आला, "भैय्यालालजी, दोन बिजागऱ्या द्या."

भैय्यालाल म्हणे, "देतो. पण मले एक सांग निकेश, घराचं दार आतमंदी काहून उघडते? बाहेर काहून नाही?"

निकेश स्टूल ओढून बसला. दोघंही दाराकडं पाहून राहिले. मागं पाइपवाला उभा, त्याच्या मागं रंगवाला उभा, तेबी दाराकडं पाहून राहिले. बिजागऱ्या डब्यात तशाच. अन् आतून जनाबाई कपाळाले हात लावून काय म्हणते,

"भरती एकीले केलं, बाई... अन् कामातून दोघं गेले!"