सातव्या दिवसाची सुट्टी

मिशनच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढं गोजरबाई खांदा धरून बसली होती. शेजारी तिचा नवरा कडूबा तिला सांगत होता,

"गोरा पादरी म्हने, देवानं सातव्या दिवशी साऱ्यायले सुट्टी देली. मालकाले, पोरापोरीले, गड्याले, बैलाले, गाढवाले बी."

"गाढवाले बी? लय मायाळू देव हाय. अन् बायकोले?"

"तिचं नाव नाही आलं."

"पुसलं नाही तुमी?"

"पुसलं ना. पादरी अजून पुस्तकात धुंडून राह्यले."

"धुंडू द्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमी बैलाचे खांदे लोन्या-हळदीनं मळता, त्याले जेवाचं आवतन देता. त्यात तरी माहं नाव कुठं हाय?"

"इकडं सरक. कोनता खांदा दुखते?"

"अवो, लोकं पाहून राह्यले!"

"पाहू दे. आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"अन् रांधनार कोन?"

"थांब, पादरीले पुसून येतो."