दारातला दिवा

साताऱ्याच्या स्टँडवर ताहेरा सांगलीच्या गाडीची वाट बघत होती. पाठीमागच्या बाकावर एक रिटायर सुभेदार, त्यांची बायको आणि एम.ए.ला असलेली लेक बसली होती. लेकीला उद्या सांगलीच्या कॉलेजात एका कादंबरीवरचा निबंध वाचायचा होता, आणि बापानं तो नुकताच वाचून संपवला होता. ताहेरानं मान वळवली नाही, पण कान तिकडंच लागले होते.

“शिवांजली, हे उद्या वाचायचं न्हाई.”

“का, पप्पा?”

“एवढी जुनी, नावाजलेली कादंबरी. शिपायाची बायको दारात दिवा लावून नवऱ्याची वाट बघती. आमाला शाळेत हेच शिकवलं.”

“सगळे टीकाकार हेच म्हणतात. पण नवरा रजेवर येतो ते प्रकरण बघा. त्यात दिवा कुठंय?”

“नवरा घरात असल्यावर कशाला लावंल?”

“बाकी सगळं करते की. जेवण वाढते, पाय चेपते. बोलत मात्र नाही. तो पलटणीत परत गेला, की त्याच संध्याकाळी दिवा लागतो. शेजारणी जमतात, हसतात. याला वाट बघणं म्हणायचं?”

“जीभ लय चालाय लागली! फौजीच्या घरात जन्मून असलं लिवतीस?”

“पुस्तकात आहे तेच लिहिलंय.”

“पुस्तक ऱ्हाऊ दे. ही तुझी आई बसलीया. सांग गं हिला, मी बॉर्डरवर असताना तू काय करायचीस?”

“रेडिओ लावायची.”

“बघ! बॉर्डरच्या बातम्या ऐकायची! आन् मी सुट्टीवर आल्यावर?”

“आवं, तवा रेडिओ माळ्यावर असायचा.”